घरचा कॉफी ग्राइंडर: बाराशेचा आणि बारा हजारांचा, फरक नेमका कशाचा?

तुम्ही फ्रेंच प्रेस (दट्ट्या दाबून गाळायचं भांडं) आणि व्ही60 (कागदी फिल्टर लावलेलं नरसाळं) वर कॉफी करता, बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळता आणि आता ग्राइंडर घ्यायचाय. पण बाराशेपासून चाळीस हजारांपर्यंतच्या किमती बघून विचारताय की महागाच्या ग्राइंडरने खरंच काही फरक पडतो, की नुसता देखावा?

तुमची शंका अर्धी खरी आहे. साधारण सात-आठ हजारांपर्यंत जास्तीचा पैसा कपात उतरतो. त्यापुढचा सोयीत, एस्प्रेसोत (मशीनच्या दाबाने काढलेली घट्ट कॉफी) आणि खरं सांगायचं तर हौसेत जातो.

आधी मिक्सरचं बघू. त्याचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या मारतं. जी बी पात्यासमोर आली तिचा भुगा होतो, जी कडेला उडाली ती जाडीच राहते. एकाच भांड्यात मैदाही आणि भरडही. मैद्यातून पाणी नको तेवढं ओढून घेतं, भरडीतून पुरेसं उतरत नाही, म्हणून तोच कप कडूही लागतो आणि आंबट-पाणचटही. बाराशे-पंधराशेचे विजेवरचे बहुतेक छोटे ग्राइंडर आतून असेच असतात: एक भांडं, एक पातं. त्यासाठी वेगळे पैसे कशाला, मिक्सर आहेच की घरात.

दुसरा प्रकार बर्र ग्राइंडरचा, त्याचं काम जात्यासारखं चालतं. आत दातेरी शंकू, त्याभोवती दातेरी कडं आणि दोघांमध्ये तुम्ही ठरवलेली फट. बी त्या फटीतून जाण्याइतकी बारीक झाल्याशिवाय खाली पडत नाही. पण जात्याचा मधला खिळा हलू लागला की पीठ जाडंभरडं येतं, तसंच इथंही होतं. फिरताना शंकू डुलत असेल तर फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. ग्राइंडरची खरी किंमत असते ती दात्यांची धार आणि हा मधला दांडा किती घट्ट बसवलाय याची. बाहेरची लाकडी मूठ, काळं मॅट फिनिश, सोबतचा ब्रश आणि पाऊच, हे सगळं फुकट मिळालं असं समजा.

पार्सल उघडलं की पावडरचा डबा काढून खालून शंकू बोटांनी धरा आणि आडवा हलवून बघा. खटखट लागला तर परत पाठवा. दीड-दोन हजारांच्या हँड ग्राइंडरमध्ये बहुधा सिरॅमिकचे दाते आणि एकाच टोकाला धरलेला दांडा असतो. बारीक दळताना तो निभावून नेतो, कारण शंकू कड्याला जवळजवळ टेकलेला असतो. फ्रेंच प्रेससाठी जाड दळायला घेतलं की डुलणं सुरू होतं. बरोबर तुमच्याच कामाला तो कमी पडणार. सिरॅमिक दळताना तापत नाही अशी जाहिरात असते, तिला फार महत्त्व देऊ नका. हाताने पंधरा ग्रॅम दळताना स्टीलसुद्धा तापत नाही.

दुसरी परीक्षा पांढऱ्या कागदाची. जाड सेटिंगवर चमचाभर दळा, कागदावर पसरा आणि खिडकीपाशी न्या. थोडा भुगा प्रत्येक ग्राइंडर करतोच, अगदी पन्नास हजारांचाही. बघायचं ते इतकंच की बहुतेक दाणे एका मापाचे आहेत का आणि मधूनच अर्धी बी दिसते का. मग तीच पावडर प्रेसमध्ये घाला. शेवटच्या घोटाला तोंडात चिखल आला, तर उत्तर मिळालं. व्ही60 मध्ये जास्तीचा भुगा फिल्टरची भोकं बुजवतो आणि तीन मिनिटांत उतरणारं पाणी रेंगाळत बसतं.

आता पैशाचा हिशोब. घरात रोज दोन कप होत असतील तर तीस ग्रॅम बिया लागतात, म्हणजे पाव किलोची पिशवी आठ दिवस. चिकमगळूर किंवा कूर्गच्या चांगल्या बियांची पिशवी पाचशेच्या आसपास धरली तर महिन्याला दोन हजार. सहा हजारांचा ग्राइंडर म्हणजे तीन महिन्यांच्या बिया, आणि तो कित्येक वर्षं टिकतो. उलट पाचशेच्या बिया मिक्सरमध्ये दळणं मला जास्त उधळपट्टीचं वाटतं.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: 38 मिलिमीटरचा स्टीलचा शंकू असलेला हँड ग्राइंडर घ्या, टाइमोर सी2 किंवा सी3 च्या वर्गातला. पंधरा ग्रॅम मिनिटभरात होतात. बिया फिक्या भाजलेल्या असतील तर मनगटाला जाणवतं, काळपट भाजलेल्या लोण्यासारख्या जातात. सकाळी चार-पाच जणांची कॉफी लागत असेल तर मात्र हाताचा ग्राइंडर महिन्याभरात माळ्यावर जाईल. मग विजेवरचा बघा. बरात्झा एन्कोर हा त्यातला जुना भरवशाचा, 40 मिलिमीटरचा शंकू, 40 सेटिंग्ज, आणि मुख्य म्हणजे त्याचे सुटे भाग मिळतात. चार-पाच हजारांच्या विजेवरच्या बर्र ग्राइंडरपासून जरा सावध राहा. त्यातल्या बऱ्याच जणांत चपट्या चकत्यांवर धारदार दात्यांऐवजी बोथट उंचवटे असतात, ते बी कापत नाहीत, चिरडतात. वर 'बर्र' लिहिलेलं खोटं नसतं, पण कपात मिक्सरच येतो.

सेटिंग्जच्या आकड्याला भुलू नका. जाडी बदलायची चकती एक खाच फिरवली, म्हणजे एका क्लिकला, फट किती बदलते ते विचारा. कोमांडांते सी40 या महागड्या हँड ग्राइंडरमध्ये ती सुमारे 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), टाइमोर सी2 मध्ये 80 च्या आसपास. तुमच्या दोन्ही पद्धतींना 80 चालतं. एस्प्रेसोला नाही चालत, तिथे एका क्लिकने शॉट, म्हणजे एक कप उतरायचा वेळ, काही सेकंद पुढेमागे होतो. पुढे एस्प्रेसो मशीन घ्यायचं मनात असेल तर बारीक पायऱ्यांचा ग्राइंडर आत्ताच घ्या आणि मशीनच्या बजेटमधून थोडे पैसे इकडे वळवा.

घरातलं कोणी चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी पीत असेल तर त्यांच्यासाठी यातलं काहीच लागत नाही. माटुंग्यासारख्या ठिकाणी दुकानदार समोर दळून देतात, ती पंधरा दिवसांपुरती आणा.

दळताना पावडर डब्याला चिकटते ती स्थिर विजेमुळे. कोरड्या हवेत, नागपूरच्या उन्हाळ्यात वगैरे, जास्तच. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून हलवा. 2023 साली ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं, थेंबभर पाण्याने वीज खरोखरच कमी होते.

आणि हो, 'अमेरिकेतून भाऊ येतोय, तिकडून स्वस्तात मागवतो' हा बेत असेल तर हाताचाच मागवा. तिकडचा विजेवरचा 120 व्होल्टवर चालतो. इथे लावायचा तर ओट्यावर जड ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो, आणि वॉरंटी बहुधा तिकडेच राहते.