घरी फ्लाय (मासे पकडायला गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला नकली किडा) बांधायला स्वतंत्र टेबल किती मोठं हवं?

भिंतीला टेकवलेलं, अजिबात न डुगडुगणारं अडीच फुटी टेबल पुरतं. पैसे घालायचे ते दिव्यात घाला. मी रोज रात्री बांधायला बसतो. १६ नंबरचा गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो) व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट पकडणाऱ्या छोट्या शिकंज्यात, धरला की दोऱ्याचा प्रत्येक वेढा दिसायलाच हवा. म्हणून पांढऱ्या उजेडाचा, मान वळणारा दिवा घ्या आणि व्हाइसमागे फिकट राखाडी कागद उभा करा. गळ छातीच्या उंचीवर आला की मान अवघडत नाही. पंखा बंदच ठेवा, पिसं उडतात. मात्र कायमचं टेबल म्हणून कोंबड्याची पिसं, हरणाचे केस उघड्यावर सोडू नका, कसर लागते. सगळं झिपच्या पिशव्यांत ठेवा. नवा माल आधी काही दिवस फ्रीझरमध्ये.