‘सहन करणे’, ‘सहिष्णुता’ आणि ‘मानवणे’ : आई व पोटातले बाळ यांच्या संदर्भात

परभणी जिल्ह्यातील एका आशाताईंनी पाठवलेला प्रश्न असा आहे. गरोदर मातांच्या बैठकीसाठी त्यांनी हाताने एक तक्ता लिहिला आणि त्यावर ‘आईची रोगप्रतिकारशक्ती पोटातल्या बाळाला सहन करते’ असे वाक्य घातले. ते वाचून दाखवल्यावर बैठकीतल्या एका सासूबाईंनी विचारले, ‘‘सहन कराया ते लेकरू हाय का दुखणं?’’ नंतर गावातल्या गुरुजींनी ‘सहन करते’ खोडून ‘सहिष्णुता दाखवते’ असे लिहायला सांगितले. यांतले योग्य कोणते आणि बायकांना सहज कळेल असा आपला शब्द आहे का, हे ताईंना हवे आहे.

सासूबाईंची हरकत मला पूर्णपणे योग्य वाटते. आजच्या मराठीत ‘सहन करणे’ या क्रियापदाचे कर्म नेहमी नकोसे असते: ऊन, दुखणे, बोलणी, अन्याय. शिवाय सहन करणारा काही करत नाही, त्याच्यावर जे येते ते तो सोसतो. संस्कृतात ‘सह्’ या धातूचा जुना वैदिक अर्थ ‘वरचढ होणे, जिंकणे’ असाही होता, पण मराठीत उतरलेल्या ‘सहन’ शब्दात त्यातले काही उरलेले नाही. म्हणून तक्त्यावरचे वाक्य वाचले की बाळ हे आईच्या शरीरावरचे संकट आहे आणि ते बिचारे शरीर मुकाट्याने नऊ महिने काढते, असे चित्र उभे राहते. बाईच्या वाट्याला सहनशीलता आधीच पुष्कळ लावलेली असते, ती तिच्या रक्तातल्या पेशींनाही लावावी हे मला पटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही ते चित्र चुकीचे आहे.

मूळ कोडे असे आहे. बाळाच्या पेशींवरच्या निम्म्या ओळखखुणा बापाकडून आलेल्या असतात आणि त्या आईच्या शरीराला परक्या असतात. हेच मूल मोठे झाल्यावर त्याने आईला मूत्रपिंड दिले, तर ते टिकावे म्हणून तिला प्रतिकार दाबणारी औषधे घ्यावी लागतात, पण तेच मूल अख्खेच्या अख्खे तिच्या पोटात वाढत असताना अशा औषधाची गरज पडत नाही. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1953 मध्ये हा प्रश्न नेमका मांडला आणि तीन शक्यता सुचवल्या: आई आणि बाळ यांच्यात आडभिंत असावी, बाळाच्या खुणा अजून कच्च्या असाव्यात, किंवा आईची यंत्रणा त्या काळात सुस्त होत असावी. यांतल्या शेवटच्या दोन शक्यता पुढे टिकल्या नाहीत. पहिली अर्धीमुर्धी खरी ठरली, पण ती आडभिंत म्हणजे नुसती भिंत नाही.

ती भिंत म्हणजे वार. बाळंतपणानंतर सुईण किंवा नर्स वार ताटात पसरून ती पूर्ण पडली की काही तुकडा आत राहिला हे पाहते, तेव्हा तिची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत असते आणि तिच्यातून नाळ निघालेली दिसते, तर दुसरी बाजू खडबडीत आणि खापा पडल्यासारखी असते. साधारण अर्धा किलो वजनाचा हा अवयव आईचा आहे असे आपण समजतो, पण तो बहुतांशी बाळाच्याच पेशींनी बनवलेला असतो. त्या खडबडीत बाजूला आईच्या रक्तात थेट बुडालेल्या पेशींवर, एरवी शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असणाऱ्या ‘एचएलए’ नावाच्या ओळखखुणा नसतात. आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात आत शिरणाऱ्या पेशींवर नेहमीच्या ठळक खुणांऐवजी ‘एचएलए-जी’सारख्या वेगळ्या खुणा असतात आणि त्या पाहून आईच्या पेशी हल्ला आवरतात. त्या अस्तरातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींत पहिल्या तिमाहीत सर्वाधिक गर्दी असते ती ‘नॅचरल किलर’ पेशींची. या नावाचे ‘नैसर्गिक मारक पेशी’ असे भाषांतर करून ते गरोदर बाईला ऐकवू नये, कारण तिथल्या या पेशी मारण्याचे नव्हे, तर आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेपर्यंत रक्त पोचवण्याच्या कामाला हातभार लावतात. त्यांच्या जोडीला ‘नियामक टी पेशी’ असतात. इतर पेशींना आवर घालणे हे त्यांचे काम आणि गरोदरपणात त्यांची संख्या वाढते. या पेशींच्या मूलभूत शोधासाठी 2025 चे वैद्यकाचे नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

एवढे सगळे चालू असताना त्याला ‘सहन करणे’ कसे म्हणावे?

आता गुरुजींच्या ‘सहिष्णुता’विषयी. शास्त्रीय परिभाषेत (इंग्रजी ‘टॉलरन्स’साठी) हा शब्द योग्य आहे आणि पाठ्यपुस्तकात मी तोच ठेवीन. या संकल्पनेची सुरुवात गुरांपासून झाली, हे मराठवाड्यातल्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. देवणी किंवा लाल कंधारी गाय पाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेली जुळी कालवड बहुधा गाभण राहत नाही. गर्भात असताना दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडून आलेल्या संप्रेरकांमुळे कालवडीची जननेंद्रिये नीट वाढत नाहीत. रे ओवेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1945 मध्ये दाखवून दिले की अशा जुळ्यांच्या रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदत असतात आणि कोणाचेही शरीर त्यांना हाकलून देत नाही. त्यावरून मेडावर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले आणि ‘सहिष्णुता’ हा शब्द या क्षेत्रात रुजला. 1960 मध्ये मेडावर आणि फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांना त्यासाठी नोबेल मिळाले. म्हणजे इथे सहिष्णुता ही सोसणे नसून शिकलेली ओळख आहे: हा अमुक परका आहे, तरी याला अडवायचे नाही. बाकीच्या परक्यांना अडवणे त्याच वेळी चालूच राहते. अडचण इतकीच की गावच्या बैठकीत ‘सहिष्णुता’ म्हटले की धर्म आणि राजकारण आठवते, पोटातले बाळ आठवत नाही.

तक्त्यावरचा ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्दही मला इथे खटकतो. त्याच्या सुरुवातीलाच ‘रोग’ बसलेला आहे आणि बाळ हा रोग नाही. शिवाय ‘शक्ती’ म्हटले की ती वाढते किंवा कमी होते एवढेच सुचते, त्यातून ‘गरोदरपणात शक्ती कमी होते म्हणून बाळ टिकते’ असा ढोबळ समज तयार होतो. खरे तर यंत्रणा कमी होत नाही, तिचे वागणे बदलते, आणि शेवटच्या तिमाहीत तर ती आपली प्रतिपिंडे, म्हणजे परक्याला ओळखून त्याला चिकटणारी रक्तातली प्रथिने, वारेतून बाळाकडे पाठवते, जी जन्मानंतर पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात. म्हणून इथे ‘प्रतिकारयंत्रणा’ असे लिहावे.

वाक्य एकतर्फी आहे, हा आणखी एक दोष. आईच्या काही पेशी बाळाच्या अंगात जातात, अगदी त्याच्या लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे प्रतिकारपेशींच्या ठाण्यांपर्यंत पोचतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बाळाच्या स्वतःच्या नियामक पेशी त्यांच्याविरुद्धची प्रतिक्रिया आवरून धरतात. उलट दिशेने गेलेल्या बाळाच्या पेशी आईच्या रक्तात बाळंतपणानंतर 27 वर्षांनीही सापडल्या आहेत. तेव्हा ‘एकमेकांना’ हा शब्द हवाच. त्या जागी ‘परस्पर’ मात्र घालू नये, कारण ‘तो परस्पर निघून गेला’ अशा वापरामुळे बोलीत त्याला ‘न विचारता, मधल्यामध्ये’ असा वास लागला आहे.

मग बायकांसाठी शब्द कोणता? ‘पोटात घालणे’ हा वाक्प्रचार ऐकताना फार जुळतो, पण पोटात घालायचा असतो अपराध, आणि बाळाचा काहीच अपराध नाही. माझी निवड ‘मानवणे’ ही आहे. ‘तिथलं पाणी मला मानवलं’, ‘ते औषध तिला मानवलं नाही’ असे आपण रोज म्हणतो. त्यात सोसणे नाही, दुबळेपणा नाही, क्षमाही नाही. बाहेरून आलेल्या गोष्टीशी शरीराचे जुळले किंवा जुळले नाही, एवढेच त्यात आहे. ‘न मानवणे’ही त्याच शब्दात तयार असते, हा त्याचा मोठा फायदा, कारण न मानवण्याचे प्रसंग खरोखर येतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढच्या खेपेच्या बाळाला त्यांचा धोका असतो. म्हणून अशा आईला बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. ताईंच्या तक्त्यावर ही ओळ असायलाच हवी.

तेव्हा ताई, तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘आईचं अंग आणि पोटातलं लेकरू एकमेकांना मानवतात, कारण दोघांची प्रतिकारयंत्रणा एकमेकांना ओळखून हात आवरते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.’