कर्णा कानातून निघालेला नाही

प्रश्न असा आहे: लाऊडस्पीकरला मराठीत ध्वनिक्षेपक म्हणावं की ध्वनिवर्धक? आणि ‘कर्णा’ चालेल का?

ध्वनिक्षेपक. आवाज बाहेर फेकतो तो क्षेपक. ध्वनिवर्धक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, मधला डबा. ज्यात बोलायचं तो ध्वनिग्राहक, म्हणजे माईक. तरी ‘ध्वनिक्षेपक हातात घेऊन ते म्हणाले’ आणि ‘माईकचा आवाज कमी करा, कान फुटतायत’ हे रोज ऐकावं लागतं. अहो, माईक ऐकतो, बोलत नाही! बोलतो तो स्पीकरचा शंकू. त्याच्या मागे तारेचं वेटोळं चुंबकाच्या फटीत बसवलेलं असतं. वीज उलटसुलट वाहिली की वेटोळं पुढेमागे होतं आणि शंकू हवा हलवतो. मोठ्या स्पीकरची जाळी काढून शंकूवर बोट अलगद टेकवा, ढोलाचा ठोका बोटाला कळेल.

आता कर्णा. ‘कर्ण म्हणजे कान, म्हणून कर्णा’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला राग येतो. कानाला तर सगळंच ऐकू येतं, मग घंटेला कर्णा का नाही म्हणत? हा शब्द फारसी ‘करना’, पूर्ण रूप ‘करनाय’. लांबलचक तुतारीच ती. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त नगारखान्याची वाद्यं सांगताना हिचं नाव घेतलंय: सोन्याची, चांदीची, पितळेची करतात आणि चारांहून कमी कधी वाजवत नाहीत. ‘नाय’ म्हणजे पोकळ नळी, बोरू. आपल्या सनईच्या शेपटीला तोच ‘नाय’ आहे! काही पंडित करना अरबी ‘कर्न’ म्हणजे शिंग यातून काढतात. मग पुढचा ‘नाय’ आला कुठून, ते सांगत नाहीत. मला ‘कार’ म्हणजे युद्ध हेच पटतं. फारसीत रणसंग्रामाला ‘कारजार’ म्हणतात, त्यातला ‘कार’. रणातली नळी ती करनाय. दूरवर हाक पोचवणं हेच तिचं काम, म्हणून लाऊडस्पीकरच्या भोंग्याला तिचं नाव चपखल बसलं.

तेव्हा कर्णा चालेल, पण भोंग्याचा असेल त्यालाच म्हणा. आणि त्याला वर्धक तर मुळीच म्हणू नका. कर्णा आवाजात पदरची शक्ती घालत नाही. भोंग्याच्या मुळाशी थरथरणाऱ्या बारक्या पडद्याची हवेवर नीट पकड बसत नाही, बरीचशी मेहनत वाया जाते. हळूहळू रुंदावत जाणारी नळी ती पकड मिळवून देते आणि आवाज एका दिशेला वळवते. दोन्ही तळहात तोंडाशी धरून लांबच्याला हाक मारतो, तेव्हा आपण हातांचा कर्णाच करतो.