मी पण देमास होणार का?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो. कोणी म्हणतं प्रार्थनेत मन लागत नाही, कोणी म्हणतं चर्चमध्ये नुसतं शरीर बसलेलं असतं, आणि मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं की खरं बाहेर येतं, इतकी वर्षं विश्वासात काढली पण शेवटपर्यंत टिकेन का हो मी? तरुण मुलं हे फारसं विचारत नाहीत. विचारतात ते पन्नाशी-साठीतले, ज्यांना बाकी सगळे भक्कम समजतात.

अशाच एक ताई आल्या होत्या. (त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.) वय 61, 26 वर्षं संडे स्कूल घेतलेलं. मिस्टर स्ट्रोकनंतर 3 वर्षं अंथरुणावर होते, मग गेले, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "मला एकच सांगा, मी पण देमास होणार का?"

देमास कोण हे सगळ्यांना आठवेलच असं नाही म्हणून सांगते. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रं आहेत, त्यांत हे नाव 3 वेळा येतं. फिलेमोनाच्या पत्रात तो सहकारी, कलस्सैकरांच्या पत्रात तो आहे आणि सलाम पाठवतोय, आणि 2 तीमथ्यच्या 4थ्या अध्यायात तो पौलाला सोडून थेस्सलनीकाला निघून गेलेला, कारण त्याला हे जग प्रिय वाटलं. बस्स, पुढे त्याचं काय झालं ते काहीच नाही. ताईंनी हा धडा मुलांना कितीतरी वेळा शिकवलेला, फळ्यावर तीन पायऱ्या काढून. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा त्याच पायऱ्या डोळ्यासमोर येतात म्हणाल्या.

इथे माझी एक चूक झाली ती पण सांगते. मी घाईघाईने स्तोत्र 23 काढलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे दिलाशाचं स्तोत्र. त्या वाचून दाखवेपर्यंत ऐकत राहिल्या, नंतर अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "हे मला पाठ आहे." आणि गप्प झाल्या. दिलासा द्यायची घाई बहुतेक वेळा समुपदेशकालाच असते, समोरच्याला नसते.

पुढच्या वेळी मी आधी झोपेचं विचारलं, भूक, वजन, दिवसभर काय करता, कशात रस वाटतो का. सलग 2 आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं, ह्यात विश्वासाचा कमीपणा काही नाही. ताईंचं तर कित्येक महिने चाललेलं. त्यांना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं की तुमचा विश्वास कमी पडतोय, उपास धरा. तीन वर्षं रात्री उठून नवऱ्याची कूस बदलणाऱ्या बाईला उपास! मला राग आला, दाखवला नाही. मी एलीया संदेष्ट्याचं विचारलं. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाला आणि लगेच पुढच्या अध्यायात तो झुडपाखाली पडून मरण मागतो (1 राजे 19), तेव्हा देवाने त्याला आधी काय दिलं? ताई म्हणाल्या, झोप. मग भाकर, पाणी. परत झोप, परत खाणं, आणि मग कुठे होरेब डोंगरापर्यंतची 40 दिवसांची वाट. "हे पण मी शिकवलंय," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या. डॉक्टरकडे जायला तयार झाल्या त्या दिवशी.

तिसऱ्या वेळी त्यांनी पर्समधून वही काढली. प्रार्थनेची वही, प्रत्येक पानावर वर तारीख, खाली ओळीने नावं आणि कोणासाठी काय मागायचं ते, बारीक सुबक अक्षरात. मिस्टर गेले तिथपासून पुढे फक्त तारखा. पान उलटलं की तारीख, खाली कोरं. परत तारीख, परत कोरं. कितीतरी पानं. त्यांना ती वही म्हणजे पुरावा वाटत होती, बघा मी कशी थंड पडलेय. मला वेगळंच दिसत होतं, की ही बाई रोज पहाटे उठून वही उघडून बसतेय. पण हे मी लगेच बोलले नाही, 23व्या स्तोत्राने शहाणी केली होती मला. त्याऐवजी आम्ही स्तोत्र 88 वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, उपकारस्तुतीवर येतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी खोडलं नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापली गेली तेव्हा लोकांना केवढा धक्का बसला, कित्येक दशकं त्यांना आत देव जाणवतच नव्हता आणि काम तर चालूच होतं. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पण देमास?

मी म्हटलं पुढची ओळ वाचा. 10व्या ओवीत देमास गेला, 11व्यात पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा तोच मार्क जो पौलाबरोबरच्या प्रवासात पंफुल्याहून अर्ध्या वाटेतून परत फिरला होता आणि ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं इतकं वाजलं की दोघे वेगळे झाले (प्रे. कृत्ये 15). सोडून गेलेला एक आणि परत आलेला एक, पाठोपाठच्या ओव्यांत. ताई 26 वर्षं 10व्या ओवीवर थांबत होत्या.

पण मला त्या अध्यायातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते पुढे आहे. "धाव संपवली, विश्वास राखला" असं म्हणणारा हाच पौल त्याच पत्रात काय मागतो बघा. लवकर ये. माझ्याजवळ फक्त लूक आहे. त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण. हिवाळ्याच्या आधी ये. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही हे पण लिहितो, लपवत नाही. मी ताईंना विचारलं, तुम्ही कोणाकडे झगा मागितलाय? कोणाला सांगितलंय का की माझ्यासाठी प्रार्थना करा?

नव्हतं सांगितलं. एकदाही नाही. सगळ्यांची नावं त्यांच्या वहीत होती, त्यांचं नाव कोणाच्याच वहीत नसावं. संडे स्कूलच्या टीचरनेच असं म्हटलं तर मुलांना काय वाटेल, ही भीती. आयुष्यभर टिकायचं म्हणजे एकट्यानेच दात-ओठ खाऊन टिकायचं असा समज आपल्यात फार खोलवर बसलाय, आणि माझ्या अनुभवात लोक शंकेने जितके तुटत नाहीत तितके ह्या एकटेपणाने तुटतात.

दोन आठवडे गेले मागायला. शेवटी त्यांच्या वर्गात लहानपणी बसलेली एक मुलगी, आता तिलाच दोन मुलं आहेत, तिला फोन केला. ती दर बुधवारी येते. ती वाचते, ताई नुसत्या ऐकतात. आमेन म्हणावंसं वाटलं तर म्हणायचं, नाहीतर नाही, असं दोघींचं ठरलंय. गोळ्या चालू आहेत. सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही, ताईही म्हणत नाहीत, कोरी पानं अजून असतात.

मागच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. तारखेखाली एक ओळ होती, "काल रात्री झोप लागली." "हिला प्रार्थना म्हणायची का हो?" असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, बुधवारी तिला विचारा.