मका सरकारी, हरीण कोणाचं?

धुऱ्यावरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आम्ही अमेरिकेत, मिझुरी राज्यात, सेंट लुईसच्या पश्चिमेला तासाभरावर राहतो. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढला. जवळच राज्याच्या संवर्धन खात्याचं जंगल आहे आणि त्यात मधोमध चाळीसेक एकर मका. ऑक्टोबरभर संध्याकाळी त्या मक्याच्या कडेला मी सात-आठ हरणं मोजायचो. झाडावर बसायची जागाही हेरून ठेवली. आणि बंदुकीचा हंगाम चार दिवसांवर आलेला असताना कोणीतरी येऊन मका कापून नेला! पार्किंगकडचा एक पट्टा तेवढा ठेवला. दोन दिवस बसलो, शेपूटसुद्धा दिसली नाही. सार्वजनिक जमिनीवर खासगी माणूस पीक कसं घेतो? तक्रार कुठे करायची? शिवाय बायको म्हणते, पीक दाखवून हरीण मारायचं म्हणजे आमिषच झालं.

उत्तर : वहिनींचा मुद्दा आधी घेतो, तो जास्त मोलाचा आहे. मिझुरीत मक्याची पोती ओतून त्यावर हरीण मारणं हा गुन्हा आहे. ओतलेला दाणा पूर्ण उचलला तरी पुढचे १० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात. उभं पीक किंवा नेहमीच्या रीतीने कापलेलं शेत त्यात मोडत नाही. हे झालं कायद्याचं. मनाचं विचाराल तर वहिनींशी भांडायला माझ्याकडे फारसं काही नाही. राखलेला मका कशासाठी आहे, हे हरीण सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

आता जमिनीचं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, अकोल्याला कृषी शिकलेला. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सरकारी जंगलात ट्रॅक्टर चालताना बघितला आणि मनात पहिला शब्द आला तो ‘ई-क्लास’. आमच्याकडे गावच्या सरकारी पडीक-चराऊ जमिनीला ई-क्लास म्हणतात. कोणी तिथे नांगर घातला की पहिली दोन वर्षं गाव कुजबुजतं, तिसऱ्या वर्षी तलाठ्याकडे जातं. इथे मी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हळूच विचारलं, हे अतिक्रमण चालतं कसं? तो इतका हसला की त्याला टेकायला पिकअपचं दार लागलं. ती जमीन तोच कसत होता.

ही आपली बटई आहे. खातं करार करून जमीन शेतकऱ्याला कसायला देतं. काही ठिकाणी रोख मक्ता घेतात, काही ठिकाणी पिकाचा ठरलेला हिस्सा उभाच सोडायला लावतात. तुम्हाला पार्किंगकडे दिसलेला पट्टा बहुधा तोच हिस्सा असणार. आमच्या वावरात बटईचा वाटा मालकाच्या घरी जायचा, इथे तो हरणं, टर्की आणि लाव्यांच्या नावावर शेतातच राहतो. खात्याला यात दुसराही फायदा आहे. या भागात मोकळं रान नुसतं सोडलं तर काही वर्षांत त्यात सीडर आणि काटेरी झुडपं माजतात. रान मोकळं ठेवायला डिझेल लागतं, माणूस लागतो. शेतकरी ते काम स्वतःच्या खर्चाने करतो.

म्हणून तक्रार करू नका. त्याने चोरी केलेली नाही. मक्याचा ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला नाही तर दाणा साठवता येत नाही, आणि यंत्राने वाळवायला गॅसचे पैसे पडतात. त्यामुळे तो वाट बघतो आणि दाणा वाळला की कापतो. तुमचा हंगाम कधी सुरू होतो हे त्याच्या मक्याला ठाऊक नसतं.

हरणं गेली कुठे, हा तुमचा खरा प्रश्न. पंधरा-सोळा वर्षांचे नोव्हेंबर मी झाडावर बसून काढले, त्यावरून सांगतो. उभा मका म्हणजे हरणाचं जेवणघर आणि झोपायची खोली एकाच छपराखाली. एका ओल्या वर्षी आमच्या इथला मका डिसेंबरपर्यंत उभा होता. बंदुकीच्या हंगामात मी सलग पाच दिवस त्याच्या कडेला बसलो. आतून सळसळ ऐकू यायची, एकदा मक्याच्या ओळींमधून दोन कान सरकताना दिसले, बस. त्या वर्षी फ्रीजरमध्ये भेंडीच राहिली. कापणी झाली की छप्पर उडतं. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हरणं बावरतात, रानात शिरतात, ओढ्याच्या काठाने फिरतात. सांडलेल्या दाण्यावर ती येतात, पण अंधार पडल्यावर. त्यात हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे चार वाजता पार्किंगमध्ये बारा पिकअप उभ्या राहतात आणि त्यातले आठ जण त्याच पट्ट्याच्या कडेला जाऊन बसतात. सरकारी जंगलातलं हरीण हे तुमच्या-माझ्याआधी शिकलेलं असतं.

दर पिकाचा आपला पंचांग असतो. सोयाबीन जुलै-ऑगस्टमध्ये हिरवं असताना हरणं त्यात गाईसारखी चरतात. सप्टेंबरात पानं पिवळी पडली की ढुंकून बघत नाहीत. ऑक्टोबरात पांढऱ्या ओकची फळं गळायला लागली की मक्याचंही आकर्षण कमी होतं. तेव्हा शेत रिकामं दिसलं तर हरणं संपली असं समजू नका, वर ओककडे बघा. शेंगा उभ्या राहिल्या असतील तर कडाक्याच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, त्याच वाळल्या सोयाबीनवर हरणं पुन्हा येतात. धनुष्याचा हंगाम तेव्हा चालू असतो आणि पार्किंग रिकामं असतं. माझं सगळ्यात चांगलं हरीण मला तसंच मिळालं, हाताची बोटं लाकडासारखी झालेली असताना.

पुढच्या वेळी पट्ट्याच्या कडेला बसू नका. शेतापासून शे-दीडशे मीटर आत रानात जा, झोपायच्या झाडीकडून शेताकडे येणारी पायवाट शोधा आणि वारा तोंडावर येईल असं बसा. तिथून हरीण उजेड असतानाच जातं, शेतात पोचेपर्यंत अंधार झालेला असतो. खात्याच्या जंगलात मचाण उचलून नेता येईल असंच चालतं, झाडाला खिळा ठोकता येत नाही, आणि त्याच्यावर तुमचं नाव-पत्ता लागतो.

आता माझी स्वतःची कुरकुर, शेतकी शिकलेला माणूस म्हणून. हिस्सा कुठे उभा ठेवायचा, यात कंत्राटं फार सैल असतात असं मला वाटतं. पार्किंगकडचा पट्टा म्हणजे पक्ष्यांना नाही आणि हरणांनाही नाही, फक्त गाडीत बसून बघणाऱ्यांना. तो रानाच्या कडेने, नागमोडी हवा. आणि सार्वजनिक जमिनीवर तणनाशकाने चकाचक केलेला मका मला खुपतो. लाव्याची पिल्लं तणातल्या किड्यांवर वाढतात. इथल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रांत वन्यजीवांना खाऊ म्हणून जनुक-बदल पिकं लावायची नाहीत आणि निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक लावलेलं बियाणं वापरायचं नाही, असं २०१४ साली ठरलं होतं. २०१८ साली ते फिरवलं. ज्या जिल्ह्यात बीटी कापसावरून घराघरात वाद झाले तिथून मी आलो, तेव्हा मला दोन्ही बाजूंचे सगळे युक्तिवाद तोंडपाठ आहेत. दोन्ही बाजूंनी माझ्याशी भांडू नये ही विनंती.

शेवटी एवढंच की ही जमीन खरोखर तुमची आहे. १९२५ साली मिझुरीभर ३९५च हरणं उरल्याचा अंदाज होता. बंद ठेवलेली शिकार १९४४ साली पुन्हा सुरू झाली. १९७६ साली लोकांनी मतदान करून विक्रीकरातला एक-अष्टमांश सेंट या खात्याला दिला, म्हणजे तुम्ही आठ डॉलरचा किराणा आणता तेव्हा त्यातला एक सेंट तिथे जातो. शिवाय १९३७च्या कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो, तो राज्यांकडे वन्यजीवांसाठी येतो. तेव्हा खात्याच्या विभागीय कार्यालयात जाऊन यंदाचा पीक-नकाशा मागा. संकोच करू नका.

प्रश्न : शेजाऱ्यांनी हरणाचं मटण दिलं. त्या ‘झॉम्बी’ रोगाचं ऐकलंय. शिजवलं की मरतो ना?

उत्तर : नाही मरत. त्या रोगाचं खरं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो जंतू नसून बिघडलेलं प्रथिन आहे, शिजवण्याने जात नाही. माणसाला त्यामुळे रोग झाल्याची नोंद आजवर नाही, पण तपासणीत दोष निघालेलं मांस खाऊ नका असा आरोग्यखात्याचा सल्ला आहे. शेजाऱ्यांना विचारा : हरीण कुठल्या काउंटीतलं, तपासलं का? निर्दोष असेल तर बिनधास्त शिजवा. चरबी कमी असते, त्यामुळे घाईने शिजवलं तर चामडं होतं. मंद आचेवर, सुकं खोबरं भाजून घातलेल्या रश्श्यात. माझी बायको अजून त्याला हात लावत नाही, तेव्हा हा प्रयोग माझ्या एकट्याचा आहे.

प्रश्न : भाऊ, मी दारव्हा तालुक्यातून लिहितो. तुमच्याकडे हरणासाठी पीक ठेवतात हे वाचून हसू आलं. इथे रोही (नीलगाय) आणि डुक्कर तूर ठेवत नाहीत. रात्रभर जागल करतो. अमेरिकेसारखी शिकार इथे का खुली करत नाहीत?

उत्तर : दादा, मीही त्याच जागलीतला. बाबा आणि मी माळ्यावर बसून रॉकेलचा डबा बडवायचो. जे जनावर बाबांनी रात्रभर हाकललं, त्याचीच मी आता दिवसभर वाट बघतो. गावाकडे हे सांगितलं तर चुलतभाऊ फोन ठेवतात.

तरी इथली पद्धत तिथे चालेल असं मला वाटत नाही. इथे शेकडो एकर रानात चार माणसं असतात. तुमच्या दोन एकराच्या चारही धुऱ्यांपलीकडे कोणीतरी जागलीला झोपलेलं असतं, आणि गोळी धुरा ओळखत नाही. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-डुकरांसाठी वनखात्याच्या परवानगीची वाट कायद्यात आहे, पण ती अर्ज-पंचनाम्याची वाट आहे. नुकसानीचा अर्ज वेळ न दवडता द्या, फोटोत धुरा आणि पावलांचे ठसे दोन्ही येऊ द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय वनपालाच्या दारातून हलू नका. कुंपणात मेन लाइनचा करंट सोडायचा विचार कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आमच्या गावात त्या तारेने रोही नाही, बैल गेला होता.