वाचक विचारतात: स्काय बेटावर किती दिवस राहावं?

प्रश्न: आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. जूनमध्ये एडिनबरोला जातोय, तिथून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं स्काय बेट बघायचंय. एका दिवसाची बस सहल पुरेल का, की गाडी भाड्याने घ्यावी? दोघींना गाडी येते. एकीचे गुडघे दुखतात. आमची यादी: ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, क्विरँग, फेअरी पूल्स, नीस्ट पॉइंट, डनव्हेगन किल्ला, डायनासोरच्या पाऊलखुणा. सगळं होईल ना?

उत्तर: एका दिवसाच्या बसने अजिबात जाऊ नका. एडिनबरोहून बेटावरचं मुख्य गाव पोर्ट्री गाठायलाच पाच-साडेपाच तास लागतात. परतीचे तेवढेच धरा. मग हातात राहतं काय, तर उतरा, फोटो काढा, चढा. गाडी घ्या, तीन रात्री राहा आणि यादीतली दोन नावं आजच खोडून टाका. मैत्रिणी नाराज होतील, होऊ द्या.

नकाशावर स्काय चिमुकलं दिसतं, पण आहे साडेसोळाशे चौरस किलोमीटरहून मोठं. १९९५ साली पूल झाला, त्यामुळे बेटावर पोचणं सोपं झालंय. वेळ खातात ते आतले रस्ते. त्यातले कितीतरी जेमतेम एका गाडीपुरते रुंद आणि दोन्हीकडची वाहतूक त्यावरूनच. थोड्या थोड्या अंतरावर ‘पासिंग प्लेस’ची पाटी लावलेले फुगवटे असतात. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबायचं. उजव्या हाताला असेल तर तिकडे घुसायचं नाही. आपण रस्त्यावरच त्याच्यासमोर थांबायचं, समोरचा वळसा घालून जातो. जाताना हात वर करायचा, तो इथला रिवाज. मागून कुणी घाईत येत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या. आणि फोटोसाठी त्या जागेत गाडी लावू नका, स्थानिक लोक चिडतात, आणि बरोबरच चिडतात. गाडी इथेही डावीकडूनच चालवतात, तेवढं सुख आहे.

आता काय ठेवायचं ते सांगते. एक अख्खा दिवस ट्रॉटरनिश या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाला द्या. स्टॉर आणि क्विरँग दोन्ही तिथेच आहेत आणि दोन्हींची जन्मकथा एकच. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. खालचा ज्युरासिक काळातला गाळाचा खडक कच्चा, त्याला हे ओझं पेलवेना. डोंगराची कडच्या कड घसरत खाली आली. ब्रिटनमधली सर्वांत मोठी दरड ती हीच. स्टॉरचा ‘म्हातारा’ म्हणजे त्या पडझडीत उभा राहिलेला पन्नासेक मीटरचा सुळका. क्विरँगचा भाग तर आजही सरकतोय, त्यामुळे जवळच्या रस्त्याची डागडुजी सतत चालू असते. हे डोक्यात ठेवून बघा, मग ते नुसते विचित्र दगड राहत नाहीत.

स्टॉरला वर जाऊन यायला दीड-दोन तास लागतात आणि चढ चांगलाच आहे. गुडघेदुखीवाल्या मैत्रिणीला ओढत नेऊ नका आणि ‘तुझ्यामुळे आम्हीही नाही जात’ असंही म्हणू नका. त्याने सहलीचा विचका होतो. दोघींनी चढावं, दोघींनी खाली थर्मास उघडून बसावं. पुढे किल्ट रॉकला सगळ्या एकत्र. तिथे वाहनतळापासून कठडा चार पावलांवर आहे. मील्टचा धबधबा कड्यावरून थेट समुद्रात पडतो आणि बाजूला बेसॉल्टचे उभे खांब, स्कॉटिश किल्टच्या चुण्यांसारखे. वारा असेल तर कान द्या: कठड्याच्या पोकळ नळ्यांत शिरून तो सूर काढतो. मला धबधब्याइतकाच तो आवाज आवडला.

डायनासोरच्या पाऊलखुणा जवळच स्टॅफिनला, अन कोरान किनाऱ्यावर. इथे मात्र घड्याळ नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक चालतं. तीन बोटांचे ठसे खालच्या सपाट खडकावर आहेत, भरतीत ते बुडालेले असतात. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी पोचा. उन्हाळ्यात पुष्कळदा ते वाळूखाली झाकले जातात, हिवाळी वादळांनंतर उघडे पडतात. तेव्हा जूनमध्ये दिसले तर नशीब. शेवाळलेल्या दगडावर सांभाळून. आणि जीवाश्म दिसला तर उचलू नका, २०१९ पासून बेटावरच्या अशा महत्त्वाच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी हवा बरी असेल तर एल्गॉल गावाहून बोटीने कोरुस्क तळ्याकडे जा. वाटेत खडकांवर सील पसरलेले दिसतात. तळं गोड्या पाण्याचं, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, आणि भोवती काळ्या कूलिन डोंगररांगेचे कडे. तिसऱ्या दिवशी नीस्ट पॉइंट. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून संध्याकाळीच जा. १९०९ सालच्या दीपगृहाकडे उतरणारी वाट सिमेंटची असली तरी उभी आहे. वरून कडा आणि समुद्र दिसतो, गुडघ्यांना तेवढं पुरे. वारा सुटला असेल तर कड्याच्या टोकाशी सेल्फी नको. फेअरी पूल्स आणि डनव्हेगन राहिले तर राहू द्या.

राहायची सोय काही महिने आधी करा, रात्रीच्या जेवणाचं टेबलही आधीच सांगून ठेवा. गाडी भाड्याने घेताना दोघींची नावं चालक म्हणून घाला, नाहीतर एकीलाच तीन दिवस स्टिअरिंग धरून बसावं लागेल आणि तिला रस्त्याशिवाय काही दिसणार नाही.

प्रश्न: तिथे डास असतात असं ऐकलं. खरं का? आणि आपलं लायसन्स चालतं का?

उत्तर: डास नव्हेत, मिज. चिलटाहून बारीक आणि झुंडीने येणारे. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचं राज्य. वारा पडलेल्या, दमट सकाळ-संध्याकाळी जास्त; वारा सुटला की त्यांना उडताच येत नाही. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्या, दिसते हास्यास्पद पण उपयोगी पडते. भारतीय लायसन्सवर तिथे पोचल्यापासून बारा महिने साधी मोटार चालवता येते. भाड्याने देणाऱ्यांच्या अटी निराळ्या असू शकतात, त्या पैसे भरण्याआधी वाचा.