पांढरा अवक्षेप शिशाचा की चांदीचा?

प्रश्न : अज्ञात क्षाराच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरा अवक्षेप आला. तो शिशाचा की चांदीचा, हे कसे ओळखावे?

उत्तर : अवक्षेप गाळून त्यावर उकळते पाणी ओतावे, शिशाचे क्लोराइड विरघळते, चांदीचे तसेच राहते. खाली उतरलेल्या गरम पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे थोडे थेंब टाकून परीक्षानळी नळाखाली थंड केली, की शिशाचे सोनेरी पिवळे स्फटिक चमचमत तळाशी बसतात. याहून देखणी कसोटी क्वचितच सापडेल. गाळणकागदावर उरलेला भाग अमोनियात विरघळला तर चांदी, काळा पडला तर पारा. मात्र शिशाचे क्लोराइड थंड पाण्यातही, २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १० ग्रॅम, विरघळत असल्याने शिसे पहिल्या गटात (हायड्रोक्लोरिक आम्लाने अवक्षेप देणाऱ्या धातूंत) पुरते अडकत नाही आणि दुसऱ्या गटात (आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने अवक्षेप देणाऱ्या धातूंत) काळा सल्फाइड होऊन पुन्हा भेटते. तांब्याचा सल्फाइडही काळाच, म्हणून ते पाहून घाईने तांबे लिहून मोकळे होऊ नये.